मुंजाजी म्हणायचं कुणी?

नाव ठिवायचा मान आत्याचा. म्हंजे माझा. आन् मान म्हणलं की डोक्याला ताप आलाच.

माझं चहाचं हॉटेल हाय, देवगाव फाट्यावर. धुरपताबाईची जीभ तिच्या चहापेक्षा कडक, असं गिऱ्हाईक म्हणतेत, म्हणू द्या. तर जिंतूरहून माझ्या धाकट्या भावाचा, हरिओमचा फोन आला. "आक्का, रविवारी बारसं हाय. पोराचं नाव रियांश ठिवायचं. तू फकस्त कानात सांग."

"रियांश म्हंजे काय रं?"

"ते साक्षीला माहीत हाय."

साक्षी म्हंजे त्याची बायको. त्याचा फोन ठिवते न ठिवते तोच आईचा आला. "धुरपे, पोराला त्याहीचं नाव दी."

"कोणाचं?"

"त्याहीचं गं! तुझ्या बापाचं."

पण नाव काही तोंडातून निघंना. आमची आई सुलाबाई नवऱ्याचं नाव घेतच न्हाई. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, ते बी म्हणे पदर तोंडाशी धरून. दादा, म्हंजे माझा बाप, दवाखान्यात होते तवा नर्सनं इचारलं, "आजी, पेशंटचं नाव काय?" आईनं खिडकीतून पिंपळाकडं बोट केलं. नर्सला काही उमगंना. तर आई म्हणली, "त्याच्यावर बसतो बघ, तो." ती पोरगी पुन्हा एकटी त्या खोलीत आली न्हाई.

माझ्या बापाचं नाव मुंजाजी. मुंज झालेलं पोर लग्नाआधी गेलं तर ते मुंजा होऊन पिंपळावर ऱ्हातं, असं आमच्याकडं मानतेत. त्याला भ्यायचं बी आन् नवस बी त्यालाच बोलायचा. आजीची लेकरं जगत नव्हती. तिनं पारावर डोकं टेकलं, "हे तुझंच लेकरू" म्हणली, आन् दादा जगले. असे घरोघरी मुंजाजी होते. पारावर एक हाक मारली की चार गडी ओ द्यायचे. म्हणून मग लंबा मुंजाजी, चक्कीचा मुंजाजी, बहिरा मुंजाजी. बहिऱ्याचं बरं होतं, तो ओ देतच नव्हता. आता गावात तीन आर्यन हायत आन् मुंजाजी एक बी न्हाई. शेवटचा आमचा होता, तो परसाल गेला.

"नातवात तेवढं ऱ्हाऊ दी," आई फोनवर म्हणली. "घरात ते नाव आता कोणी घेतच न्हाई."

"तू तरी कुठं घेत होतीस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्या न्हाई. पर ऐकायला यायचं की. माणसं दारातून हाका मारायची."

"बघते," म्हणून म्या फोन ठिवला.

रविवारी जिंतूरला पोचले तर साक्षीनं उंबऱ्यातच मोबाईल पुढं धरला. "आक्का, बघा. या नावाचा अर्थ शोधला तर भूत निघतंय. शाळेत माझ्या लेकराला काय म्हणतील?" खरं सांगते, तिचं बी खोटं नव्हतं. हरिओमला इचारलं तर म्हणला, "दोघींचं बी बरोबर हाय," आन् घुगऱ्या शिजल्या का बघायला गेला. असल्या भावाला काय ओवाळायचं!

"सासूचा जीव हाय गं त्या नावात," म्या साक्षीला म्हणले.

"मग त्यांनी मला एकदा तरी ते नाव सांगितलं का? नुसतं आपलं 'त्याहीचं, त्याहीचं'! उद्या लेकराला हाक कोण मारणार? आईंनी आज पाळण्यापाशी सगळ्यांसमोर ते नाव घ्यावं. मी रियांश सोडते."

झाली का पंचाईत! स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं तर तिच्या हातातली पळीच पडली. "अगं बया! पाप लागंल की."

"आता कसलं पाप? दादा तर गेले."

"म्हणूनच तर! वरून ऐकतेल ना!"

दुपारी बाया जमल्या. आई दाराआड उभी. नवरा गेल्यावर पाळण्यापुढं यायचं न्हाई, हे तिचं तिनंच ठरवलेलं. पाळणा सजला, म्या बाळाच्या कानाशी वाकले. जिभेवर दोन्ही नावं. एक म्हणावं तर भावाचं घर नाराज, दुसरं म्हणावं तर आईकडं कोणत्या तोंडानं बघू?

"थांबा आक्का," साक्षी म्हणली. ती उठली, दाराआडून सासूचा हात धरला आन् तिला पाळण्यापाशी आणून उभं केलं. बाया कुजबुजायला लागल्या. साक्षी मोठ्यानं म्हणली, "आजीशिवाय कसलं आलंय बारसं?"

आईनं पाळण्याची दोरी घट्ट धरली. ओठ हलले, आवाज काही येईना. शेजारची सरजाबाई ओरडली, "सुले, उखाणा घी की!" हशा पिकला. मला वाटलं, आई आता पळतीय. पण तिनं डोळे मिटले आन् बांधावरून औतावरच्या गड्याला मारावी तशी हाक मारली, "मुंजाजीऽऽ!"

पोरगं दचकून भोकाड पसरायला लागलं. घुगऱ्याचं पातेलं घेऊनच हरिओम पळत आला. साक्षीच्या डोळ्याला पाणी होतं आन् ती हसायली होती. माझं बी तसंच झालतं.

"ठेवा आक्का," ती म्हणली. "शब्द म्हणजे शब्द. शाळेतल्या पोरांचं मी बघून घेईन."

म्या कानात कुर्रर्र केलं आन् बापाचं नाव सांगितलं. बायांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की दुसऱ्या दिवशी चहाची किटली उचलंना. जुनी उधारी फेडल्यावानी मारत होत्या रांडा!

पोरगं मात्र रडायचं थांबंना. मग आई पुढं झाली. डोक्यावरचा पदर नीट केला, पाळण्यात वाकली आन् हळूच म्हणली, "अवो, रडू नका. आलात न्हवं घरी? झालं मग."