आत्याबाईची झोप

मामाने डावा तळवा टेबलावर उताणा ठेवला, उजव्या हाताची मूठ नाकासारखी त्यात टेकवली आणि परवाना कचेरीतून आलेल्या बाईंना म्हणाला, "हे असं. नाक हातात दिलं की दोन बोटांनी चोळायचं. की बाईसाहेब डाराडूर."

"शार्क झोपते?"

"झोपते म्हणजे काय! शेपूट वर, नाक माझ्या तळव्यात. एकदा तर अशी घोरली, की माझ्या मास्कची काच थरथरायला लागली."

खिडकीला टेकलेला बोटवाला दाजी फिस्सकन हसला. "घोरली? गेल्या खेपेला झोपेत बडबडली म्हणालात, मामा."

"बडबड वेगळ्या दिवशी. रोज घोरायला ती काय दाजी आहे?"

बाईंनाही हसू आवरेना. त्या सकाळपासून चौकशीचे कागद भरत होत्या, आणि या ओलसर खोलीत, टांगलेल्या डायव्हिंग सूटांच्या रांगेखाली बसून करमणूक होईल अशी त्यांना अपेक्षा नव्हती. भिंतीपलीकडे सिलिंडरांत हवा भरणारं यंत्र धडधडत होतं. कोपऱ्यातल्या स्टुलावर मामाची भाची बसली होती. ती हसली नाही. तिचा डावा हात मांडीवर होता. त्याची शेवटची दोन बोटं ताठ, जणू कुणाच्या तरी दुसऱ्याच हाताची.

चौदा फुटी, अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या त्या मादीला आत्याबाई हे नाव मामानेच ठेवलं होतं. बोलावल्याशिवाय यायची, आल्यावर प्रत्येकाला आपादमस्तक न्याहाळायची आणि कुणी नीट पाहुणचार केला नाही की शेपूट झटकून निघून जायची. साठ फुटांखाली, पांढऱ्या वाळूत, पर्यटक अर्धवर्तुळात गुडघे टेकून बसत. खडकाला साखळदंडाने बांधलेल्या पेटीत मासळी असे, तिच्या वासावर शार्क जमत. हातातून खाऊ घालायला परवान्याने साफ बंदी. उजव्या हातात पोलादी कड्यांचा हातमोजा घालायचा आणि अंगावर येणाऱ्या शार्कचं नाक हलकेच बाजूला वळवायचं, एवढंच काम. पण मामा डावा हात उघडा पुढे करी आणि आत्याबाई बाकी सगळ्यांना सोडून सरळ त्या हातात येई. "कशी येते?" असं वर आल्यावर लोक विचारत. मामा डोळे मिचकावून म्हणे, "विश्वास. नुसता विश्वास." सतरा वर्षं तो हे सांगत होता. लोक दोन-दोन देश ओलांडून ते ऐकायला येत.

"असो," बाई म्हणाल्या आणि एक कागद भाचीपुढे सरकवला. "तुमचा जबाब मी वाचून दाखवते. अपघाताच्या दिवशी मामांचा कान ठणकत होता म्हणून तुम्ही त्यांच्या जागी उतरलात. प्राणी जवळ आल्यावर घाबरून हात वर उचललात. चूक सर्वस्वी तुमची. बरोबर?"

"बरोबर."

"सही केलीत की परवाना कायमचा रद्द होईल. पुन्हा कधीच उतरता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

भाचीने पेन उचललं. ती पंधरा वर्षांची असताना तिच्या आईने तिला या धंद्यात त्याच्या हवाली केलं होतं. आता तिशी उलटली होती. पाण्याबाहेर ती चार शब्द धड बोलत नसे, आणि पाण्यात उतरली की तिच्या खांद्यांचा आकारच बदले. तिने कधी घाबरून हात उचलला असेल यावर दाजीचाही विश्वास बसला नव्हता. पण तीच तसं म्हणत होती. मग लोक काय बोलणार?

मामाने तिच्या हातातल्या पेनावर आपला पंजा ठेवला.

"थांब, बये."

"मामा, राहू दे."

"बाई, तिनं हात नाही उचलला. मी सांगितलं तसाच धरला असणार. उघडा, रिकामा." मामाने घसा खाकरला. "माझा कधीच रिकामा नव्हता."

"म्हणजे?"

"डाव्या बाहीत, मनगटाच्या आत, बांगड्याचा तुकडा असायचा. पर्यटकांकडे माझी पाठ. ती नाक लावायची, मी चोळायचो, ती सुस्तावायची, आणि जागी होताना तुकडा तिच्या तोंडात. सतरा वर्षं. त्या दिवशी ही उतरली तेव्हा आत्याबाईनं बाहीत खाऊ शोधला. सापडला नाही म्हणून आणखी आत शोधला. तिला चावायचं नव्हतं हो. तिला वाटलं, हात म्हणजे ताट."

दाजी खो-खो हसत सुटला.

"वा, मामा! बाहीत बांगडा! घोरणारी शार्क बरी होती, पण ही कहर आहे."

बाईही गालातल्या गालात हसल्या. "भाचीला वाचवायला बघताय. समजू शकते मी."

मामाने एकदा दाजीकडे, एकदा बाईंकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्याने शेकड्यांनी थापा मारल्या, त्यातली एकही अशी पडली नव्हती. त्या दिवशी सकाळी धक्क्यावर भाचीने सूटची चेन ओढता ओढता विचारलं होतं, "मामा, खाली काही न्यायचं का?" सगळं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण भोवती आठ पर्यटक कॅमेरे सावरत उभे होते, सगळ्यांचे कान इकडे. मामा डोळे मिचकावून म्हणाला होता, "काय न्यायचंय? विश्वास ने." पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. भाचीने मात्र त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं आणि मग पाण्यात उडी घेतली होती.

"देवाशपथ खरं सांगतोय," मामा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"खरं सांगतोय तो," भाची म्हणाली.

दाजीचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"तुम्हाला कसं माहीत?" बाईंनी विचारलं.

"त्याचे सूट कोण धुतं?" भाची म्हणाली. "पंधरा वर्षं मीच धुते. डाव्या बाहीत खवले निघतात. उजव्या बाहीत कधीच नाही."

मामाने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच टेबलाकडे पाहिलं. पंधरा वर्षं. म्हणजे तो जेव्हा जेव्हा पर्यटकांना विश्वासाचं पुराण सांगत होता, तेव्हा तेव्हा ही मागे नळाखाली बसून त्या पुराणातले खवले नखांनी काढत होती. आणि एका शब्दाने बोलली नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "एक मिनिट. तुम्हाला ठाऊक होतं, की ती खाण्यासाठी येते?"

"हो."

"तरी रिकामा हात पुढे केलात?"

भाचीने ताठ बोटांवरून अंगठा फिरवला. मग खांदे किंचित उडवले.

"लोक माझ्या मामाचं ऐकून येतात. लहान पोरं येतात. सगळे त्याचं खरं धरून घरी जातात." ती थांबली. "मला वाटलं, एकदा तरी खरं व्हावं."



"आणि आली?" दाजीने खिडकीजवळून विचारलं. विचारून तोच ओशाळला.

"आली. नाक हातात दिलं. मी चोळलं. डोळ्यावर पापणी आली तिच्या. शेपूट वर गेली." भाचीचा आवाज पाण्यातून यावा तसा येत होता. "मी मोजत होते. चार मोजले. मग जागी झाली आणि बाही हुंगली."

बाईंनी कागद पुन्हा एकदा वाचला.

"अडचण अशी आहे," त्या म्हणाल्या. "मामांनी हातातून खाऊ घातला, त्यांचा परवाना गेला. ते ठीक. पण तुम्ही जाणूनबुजून उतरलात असं मी लिहिलं, तर पहिल्या जबाबापेक्षा ते वाईट आहे. मग परवाना तर जाईलच, वर गुन्हा. आणि तुम्ही बोललात ते मी ऐकलंय."

भाचीने मान डोलावली. "लिहा. झालं तसं लिहा."

"थाप आहे," मामा म्हणाला.

"मामा!"

"थाप आहे हो, बाई. माझीच भाची ना? पंधरा वर्षं माझ्या तोंडाकडे बघत काढलीत तिनं, काहीतरी उचलणारच. खवले म्हणे! मी सूट समुद्रातच खळबळून आणायचो, बाहीत काय राहणार? तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याची लाज राखायला रचतेय." मामा हसला. दात दिसले, बाकी चेहरा जागचा हलला नाही. "आणि शार्क रिकाम्या हातात येते होय? दाजी, तू सांग. तू इतकी वर्षं बघतोयस. येईल कधी?"

दाजीने भाचीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "रिकाम्या हातात कशी येईल?"

भाची उठून उभी राहिली होती. मग ती पुन्हा स्टुलावर बसली.

बाईंनी पहिला जबाब घडी घालून पिशवीत टाकला, कोरा कागद काढला आणि भराभर लिहू लागल्या. लिहिताना मोठ्याने म्हणाल्या, "सदर डायव्हरला याची कल्पना नव्हती." मग कागद मामापुढे फिरवला. मामाने चष्मा न लावताच सही केली. खिशातून परवान्याचं कार्ड काढून कागदावर ठेवलं. त्यावरचा त्याचा फोटो सतरा वर्षांपूर्वीचा होता, केस काळेभोर.

बाई निघाल्या. दाजी त्यांना बोटीपर्यंत सोडायला गेला. पलीकडचं यंत्र कुणीतरी बंद केलं आणि खोली अचानक फार मोठी झाली.

"खऱ्याला थाप म्हणालास," भाची म्हणाली.

"हो."

"दुसरं काही सुचलं नाही?"

"नाही सुचलं, बये."

ती दारापर्यंत गेली. चौकटीला हात लावून थांबली. वळली नाही.

"चार मोजले होते, मामा. हळू मोजले होते."

ती गेली. मामा तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने त्याच्या डाव्या हाताचं बोट टेबलावर एकदा टेकलं. मग बराच वेळ थांबून दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा टेकलं ते त्याने उचललंच नाही.