दिवसाला एक पोतं

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाच्या सकाळी, एर्मेसने पडवीतली पोती मोजली, ती चव्वेचाळीस भरली. मग दुसऱ्या टोकापासून मोजली. तरी चव्वेचाळीसच.

हिशेब साधा होता. एक नोव्हेंबरला शेगडी पेटली तेव्हा भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांची एकशे चाळीस पोती पडवीत रचलेली होती. संत योसेफच्या दिवसापर्यंत, म्हणजे एकोणीस मार्चपर्यंत, दिवस भरत होते एकशे एकोणचाळीस. दिवसाला एक पोतं, आणि वर एक शिल्लक. हे गणित त्याची भाची, बहीण फिदेसची मुलगी मोरेना हिने मांडलं होतं. ती डोंगराखाली उदिने शहरातल्या इस्पितळात नर्स होती. शेगडी तिने घेऊन दिली होती, गोळ्याही तिनेच.

"मामा, लाकडं फोडायचं तुझं वय राहिलं नाही," ती म्हणाली होती. "हे यंत्र दिवसाला एक पोतं खातं. तेवढ्यात भागलं, तर तू आणि आई इथेच राहा, मी चकार शब्द काढणार नाही. नाही भागलं, तर हे घर तुम्हाला झेपत नाही असं मी धरणार. मग पुढचा हिवाळा खाली, माझ्या फ्लॅटवर."

एर्मेसने टेबलावर हात पुढे करून अट मान्य केली होती. गणितात आपल्याला कोणी हरवेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि आता सदुसष्ट दिवसांत शहाण्णव पोती गेली होती.

एर्मेसने गावच्या डेअरीत एकतीस वर्षं काटा सांभाळला. सकाळ-संध्याकाळ घरटी दूध यायचं, तो बादली आकड्याला अडकवायचा, वजन वाचायचा आणि वहीत लिहायचा. त्याच्या काट्यापुढे नातं चाललं नाही, की मैत्री. पाद्रीबुवांच्या घरच्या दुधात पाणी असतं, हे त्याने पाद्रीबुवांना कबुलीजबाबाच्या जाळीतूनच सांगितलं होतं. आपलं पाप सांगायला गेला आणि त्यांचं सांगून आला, असं गाव हसलं. डेअरी बंद पडली, पण तोलायची खोड गेली नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तो कॉफीची पूड तोलायचा, आलेलं पत्र तोलायचा, आणि बहीण फिदेस म्हणायची की माझं बोलणं तोलायला काटा मिळत नाही, म्हणूनच तो ते ऐकत नाही.

"तू बटण दाबतेस," त्याने त्या सकाळी फिदेसला सांगून टाकलं.

"कुठलं बटण?"

"शेगडीचं. मी बाहेर गेलो की आच वाढवतेस."

फिदेस विधवा होती, चौऱ्याहत्तरची होती आणि भावाला ओळखून होती. ती कढईत चीज आणि बटाट्याचा फ्रिको उलटत होती. तिने मान वर केली नाही. "मला उकडतंय म्हणून मी बाह्या दुमडून उभी आहे, आणि तू म्हणतोस मी आच वाढवते. आधी चष्मा पूस."

मग त्याने गोळ्यांवर संशय घेतला. पेलाभर पाण्यात मूठभर टाकल्या, त्या सरळ तळाला गेल्या. म्हणजे माल चांगला होता. प्रत्येक पोतं काट्यावर चढवलं, एकात चाळीस ग्रॅम जास्तच निघाले. दुकानदार प्रामाणिक निघाला याचं त्याला वाईट वाटलं. शेवटी त्याने खालच्या गावातल्या लोरेत्ताला फोन केला. शेगड्या दुरुस्त करणारी ती पन्नाशीची बाई, बोटांना कायम काजळी.

लोरेत्ताने शेगडीचं दार उघडलं, आतली जळणाची वाटी काढली आणि ती खिडकीसमोर उजेडात धरली. "एर्मेसकाका, ही बघा. वाटीला भोकं असतात, हवा वर यायला. तुमच्या वाटीची अर्धी भोकं राखेने बुजलीत. बिचारीचा श्वास कोंडलाय, आणि तुम्ही तिला खायला घालताय."

"मी रोज राख काढतो."

"कशाने?"

"चमच्याने."

"चमच्याने सूप काढतात. ब्रश घ्या, आणि भोकं खिळ्याने मोकळी करा." तिने वर्तमानपत्राची पट्टी फाडली, शेगडीच्या दारात धरून दार बंद केलं आणि पट्टी ओढली. पट्टी अलगद बाहेर आली. "दाराच्या कडेने हवा अडवणारी दोरी झिजलीय. फुकटची हवा आत जाते आणि ऊब धुराड्यातून आभाळात. वर आच ठेवलीत पाचावर! ही शेगडी आहे का लोहाराची भट्टी? दोनावर ठेवा. सारखी बंद-चालू करू नका, पेटताना फार खाते. आणि त्या जिन्याच्या तोंडाला घोंगडं लावा, वरच्या मजल्यावर काय उंदीर शेकताहेत?"

"एवढं सगळं माझंच चुकलं?" एर्मेस म्हणाला.

"नाही, थोडं तुमच्या बहिणीचंही. तिने तुम्हाला चमचा दिला."

फिदेस मोठ्यांदा हसली. एर्मेसने लोरेत्तासाठी वाइनचा छोटा पेला भरला, स्वतःसाठी त्याहून छोटा.

ब्रश आला, खिळा आला, दाराला नवी दोरी बसली, जिन्याला घोंगडं लागलं. दीड पोत्यावरून खप सव्वावर आला. पण सव्वा म्हणजे एक नव्हे. वीस जानेवारीला पडवीत सत्तावीस पोती उरली आणि पुढे अठ्ठावन्न दिवस पडले होते.

आता एर्मेस वही घेऊन शेगडीसमोर बसला. दर अर्ध्या तासाला ज्योत किती उंच, टाकीत गोळ्या किती, सगळं टिपलं. दोन दिवसांत चोराची वेळ सापडली. दिवसभर शेगडी शहाण्यासारखी दोनावर चालायची. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिला काय व्हायचं कोण जाणे, ती आपोआप पाचावर जायची आणि आठपर्यंत अधाशासारखी खायची. सहाला फिदेस शेजारी नोर्माकडे पत्ते खेळायला जायची, आठला परत यायची. म्हणजे जाताना ही बया बटण दाबून जाते!

बावीस तारखेला त्याने बटणांवर चिमूटभर मक्याचं पीठ भुरभुरलं. मनातल्या मनात तो फिदेसच्या पिठाळलेल्या बोटाला उद्देशून भाषणही रचत होता. त्या संध्याकाळी फिदेस निघाली, पण नोर्माला सर्दी झाल्याचं कळलं म्हणून अंगणातूनच परत आली. ओव्हरकोट न काढता ती दारात उभी राहिली.

"एर्मेस," ती हळूच म्हणाली. "दार."

"काय दार?"

"हात बघ तुझा कुठे आहे."

त्याने पाहिलं. त्याचा हात कडीवर होता. स्वयंपाकघरातून गोठ्यात जायचं जाड दार त्याने भिंतीपर्यंत उघडलं होतं. समोर काळोखी कमान होती, रिकामी गव्हाण होती, चार गाईंच्या साखळ्या अडकवायच्या चार कड्या होत्या, आणि पायाला झोंबणारी गार हवा आत येत होती. त्याच्या मागे शेगडीचा पंखा घुमायला लागला. तापमान ओळखणारी तिची तार दाराशेजारच्या भिंतीवर होती. तारेला थंडी कळली, तारेने शेगडीला कळवलं, शेगडीने तोंड उघडलं. बटणांवरचं पीठ जसंच्या तसं होतं.

"मी कधी उघडलं?"

"आत्ता. आणि काल. आणि परवा." फिदेसने पुढे होऊन दार लावलं. "रोज सहाला उघडतोस. उघडून जरा उभा राहतोस, मग रेडिओपाशी जाऊन बसतोस. मी आठला येते आणि लावते. गाई विकल्या त्याला सव्वीस वर्षं झाली. सव्वीस वर्षं मी हे दार लावतेय."

एर्मेस खुर्चीवर बसला. त्याला आठवायचा प्रयत्नही करावा लागला नाही.

हिवाळ्यात सहाला दूध काढून झालं की आई चुलीपाशी उभ्या उभ्या म्हणायची, "एर्मेस, गाईंना आत घे." गाई कुठे आत यायच्या? त्याने फक्त दार उघडायचं. मग त्यांची ऊब यायची, ओली, गवताचा, दुधाचा आणि शेणाचा वास असलेली, आणि हळूहळू सगळं स्वयंपाकघर भरून जायचं. तीन शेर लाकडांत रात्र निघायची. फिदेस दूध काढायच्या तिपाईवर बसून गणितं करायची, बाबा उंबऱ्यावर बसून दाताळ्याला नवा दांडा बसवायचे, शेजारच्या बायका विणकाम घेऊन सरळ गोठ्यातच येऊन बसायच्या आणि गावातल्या गैरहजर माणसांची सालं काढायच्या. बिओन्दा नावाची गाय इतक्या मोठ्याने सुस्कारे टाकायची की बायका म्हणायच्या, हिला आपल्या गप्पा पटत नाहीत. दार उघडणं हे सहाव्या वर्षापासून एर्मेसचं काम होतं. घरातलं पहिलं काम, जे दुसऱ्या कोणाला करू दिलं जात नसे. तेव्हा गोठा घराला पोसत होता. आता घर गोठ्याला पोसत होतं, आणि तेही भाचीने पाठवलेल्या गोळ्यांवर.

"मला का नाही सांगितलंस?"

"लाकडाच्या चुलीला काय कळत होतं? थंडी आली तर आली, ती काही स्वतःहून लाकूड ओढून घेत नव्हती. हे नवं यंत्र हुशार आहे, त्याने चुगली केली." फिदेसने अखेर कोट काढला. "आणि सांगून काय झालं असतं? तू मोरेनाला सांगितलं असतंस. ती म्हणाली असती, मामाचं डोकं फिरलं, नसलेल्या गाईंना दार उघडतो. दुसऱ्या दिवशी गाडी दारात."

"ते खरंच आहे. नसलेल्या गाईंनाच उघडतो."

"म्हणून तिला म्हणायचं, गोळ्या ओल्या निघाल्या. दुकानदाराला कोण विचारणार?"

एर्मेसने वहीचं पान उलटलं. त्या गरीब दुकानदाराच्या पोत्यात चाळीस ग्रॅम जास्त निघाले होते. "एकतीस वर्षं घटलेलं दूध मी घटलेलंच लिहिलं," तो म्हणाला. "आपल्या घरचं घटलं तेव्हाही."

"माहीत आहे. त्या वर्षी आपल्या वाट्याचं चीज कमी आलं आणि मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते."

"आठ दिवस."

त्याने मोरेनाला फोन लावला. आकडे आधी सांगितले, कारण आकडे सांगणं सोपं होतं. मग दाराचं सांगितलं. काही वगळलं नाही, रेडिओसुद्धा. फिदेस शेजारी उभी राहून हातातलं फडकं पिळत होती, ते कोरडं होतं तरी.



"मामा," मोरेनाने विचारलं, "आज वार कोणता?"

"गुरुवार. बावीस तारीख. डोकं तपासतेयस ना? साताचा पाढा म्हणू का?"

"नको, तुझा पाढा संपत नाही. औषधं वेळेवर घेतोस? गॅस विसरतोस कधी? रस्ता चुकतोस?"

"फक्त दार," एर्मेस म्हणाला. "सहा वाजता. बाकी सगळं ठीक आहे, तुझ्या आईचा स्वभाव सोडून."

मोरेना हसली नाही, पण आवाज सैल झाला. "आजी मलाही म्हणायची, गाईंना आत घे. मला वाटायचं गाय खरंच टेबलाशी येऊन बसणार." ती परत नर्ससारखं बोलायला लागली. "ऐक. अट तू हरलास, ते मी सोडत नाही. पण जो माणूस स्वतःची चोरी स्वतः फोन करून सांगतो, त्याला एक संधी द्यायला हरकत नाही. तीस पोती आणखी पाठवते. सत्तावीस आणि तीस, सत्तावन्न. दिवस किती?"

"छप्पन्न. उद्यापासून. पण काल आणि आज मिळून सत्ताविसातली दोन गेली, म्हणजे पंचावन्नच."

"बरं, पंचावन्न. एकाने कमी. ते दार कायमचं बंद कर. आतून फळ्या, मध्ये गवत. मी योसेफच्या दिवशी येऊन मोजणार. तेव्हा पोती संपलेली दिसली, तर तोंडातून शब्द न काढता बॅगा भरायच्या."

"मान्य," एर्मेस म्हणाला.

शनिवारी त्याने दार बंद केलं. कडी काढली, फटींत वाळकं गवत ठासलं, वर लार्च झाडाच्या लाकडाच्या फळ्या ठोकल्या. फिदेस खिळे देत होती आणि प्रत्येक खिळ्याला काहीतरी बोलत होती, पण शेवटची फळी ठोकायला त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ लावला. त्या संध्याकाळी सहाला तो उठला, फळ्यांपाशी गेला, हात कमरेच्या उंचीवर नुसताच हवेत थांबला. शेगडी दोनावर शांत होती.

"बस आता," फिदेस म्हणाली. "बस, मी कॉफी करते."

तो बसला. रविवारीही उठला, सोमवारीही. प्रत्येक वेळी फळ्यांसमोर दोन क्षण उभा राहून परत यायचा, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. शेगडीचा खप पाऊण पोत्यावर आला होता, वहीत आकडे एकाखाली एक देखणे दिसत होते, आणि एर्मेस त्या वहीकडे बघतही नव्हता.

मंगळवारी सहाला तो उठला तेव्हा फिदेसने पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवला, खुंटीवरचा त्याचा कोट काढला आणि त्याच्या छातीवर आपटला.

"अरे बाबा, गोठ्याला अंगणातूनही दार आहे ना?"

एर्मेसने कोट छातीशी धरला.

"तिकडून उघडलंस तर शेगडीला काय कळणार आहे? जा. टोपी घाल. आणि येताना बुटांचं बर्फ बाहेर झटक."

त्याने कोट घातला, टोपी घातली आणि अंगणात गेला. फिदेसने खिडकीच्या काचेवरची वाफ बाहीने पुसली. बर्फातून तो भिंत धरून कोपऱ्यापर्यंत गेला, गोठ्याचा बाहेरचा अडसर सरकवला आणि दाराची दोन्ही कवाडं भिंतीपर्यंत मागे लोटली. मग बाजूला झाला, आत जाणाऱ्याला वाट देतात तसा.