ओळीखालचं बोट

मोठ्या बाईंना न घाबरणारं माणूस त्या गल्लीत दिवा घेऊन शोधलं असतं तरी सापडलं नसतं. शाळेच्या मुख्याध्यापिका असताना त्यांनी आधी आयांना, मग त्यांच्या मुलांना अशा पिढ्या वाचायला शिकवल्या आणि निवृत्त झाल्यावर मोर्चा वळवला वाचनालयाकडे. पुस्तकात छपाईची चूक दिसली की काउंटरवर अशी हजेरी घ्यायच्या, की वाचनालयातल्या ताईंची पाचावर धारण बसायची. ताईंची मुलगी कॉलेजात जायला लागली होती, पण बाईंपुढे त्या अजून पहिलीतच होत्या. त्यालाही कारण होतं. लहानपणी ताई ओळीखाली बोट ठेवून वाचायच्या आणि बाईंच्या शाळेत बोटाला बंदी. "बोटांनी बटणं लावतात, वाचतात डोळ्यांनी," असं बाई भर वर्गात म्हणाल्या आणि मुलांनी ताईंचं नाव 'बोटवाली' पाडलं. ताई आजही बोट ठेवूनच वाचतात, फक्त कुणी बघत नसताना.

मग बाईंच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हात सुधारला, बोलणं सुधारलं, जिवावरचं शेपटावर निभावलं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सून हात धरून त्यांना दर आठवड्याला वाचनालयात आणू लागली. बाई पुस्तक बदलायच्या आणि मुकाट्यानं घरी जायच्या. चूक काढणं नाही, तक्रार नाही. ताईंना आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग चुकल्याचुकल्यासारखं.

एकदा घाईत घोटाळा झाला. बांधणीला द्यायची म्हणून बाजूला काढलेली कादंबरी ताईंनी बाईंना देऊन टाकली. तिची शेवटची पानंच गळालेली. लक्षात आलं तेव्हा बाई घरी पोचल्या होत्या. आता काही आपली धडगत नाही, असं त्या आठवडाभर घोकत होत्या. बाई आल्या, पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "छान आहे. शेवट तर फारच छान केलाय."

"दिवसभर तेच घेऊन बसलेल्या असतात हो आई," सून कौतुकानं म्हणाली.

ताईंना काय ते कळलं. बाईंना वाचता येत नव्हतं. आजारात अक्षरांची ओळखच पुसली गेली होती आणि बाई ते घरीदारी लपवत होत्या. साऱ्या गल्लीला जिनं वाचायला शिकवलं, तिनं हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ताईंना रडू आलं. सर्दी झालीये, असं सांगून त्यांनी नाक पुसलं.

बोलावं तर बाईंचा मान जातो, गप्प राहावं तर बाईच जातात हातच्या. त्यांच्या जगण्यात वाचण्याशिवाय दुसरं होतं काय? दर शनिवारी शाळेतली पहिलीची मुलं वाचनालयात येत. "बाई, एकेका मुलाचं वाचन ऐकायला माणसं कमी पडतात," ताई म्हणाल्या. "तुम्ही नुसतं ऐकायचं." ऐकायला डोळे लागत नाहीत. बाई हो म्हणाल्या.

त्यांच्या वाट्याला आली खिडकी. पुढचे दोन दात पडलेले म्हणून हे नाव. आईच्या आजारपणात तिची शाळा बुडाली होती आणि ती सगळ्यांच्या मागे राहिली होती. ती बोट ठेवून अडखळत वाचू लागली. ताई मागच्या कपाटाची धूळ पुसत होत्या, म्हणजे निदान तसं दाखवत होत्या.

"बोट काढ," बाई सवयीनं म्हणाल्या.

बोट निघालं आणि खिडकीची गाडी अडली. "बाई, हा कुठला शब्द?"

बाई पुस्तकाकडे बघत राहिल्या. "चष्मा विसरले वाटतं."

"डोळ्यांवर आहे की."

ताईंच्या हातातलं फडकं थांबलं. मध्ये पडावं तरी पंचाईत. बाई टेबल धरून उठल्या, क्षणभर उभ्या राहिल्या आणि पुन्हा खाली बसल्या. "मला येत नाही," त्या म्हणाल्या. "आधी यायचं. आजारी पडले तेव्हा गेलं."

खिडकीला त्यात काही नवल वाटलं नाही. "मलापण नव्हतं येत. मग बोट ठेवा ना. असं." तिनं बाईंचं बोट धरून पहिल्या अक्षरावरून फिरवलं. परत फिरवलं. पुढच्या वेळी ते बोट आपलं आपणच वळलं. जन्मभर फळ्यावर अक्षरं काढलेला हात तो, डोळे विसरले तरी तो कसा विसरेल?

"म," बाई म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, "ग." आणि मग, "मगर."

"शाब्बास," खिडकी म्हणाली.

बाई सगळ्यांदेखत रडल्या. घरी जाताना त्यांनी सुनेला स्वतःच सगळं सांगितलं.

मग दर शनिवारी ही जोडी ठरलेली. खिडकीचे दात आले, ती बाकीच्या मुलांच्या बरोबरीला पोचली. बाई मोठ्या टाइपाच्या गोष्टींवरून हळूहळू बारीक टाइपावर आल्या. आणि एक दिवस म्हणाल्या, "मागे नेली होती ना, ती कादंबरी दे पुन्हा."

पानं नाहीत म्हणून सांगावं, तर तेव्हाचं बिंग फुटतं. ताईंनी मुकाट्यानं कादंबरी दिली. संध्याकाळी दुसऱ्या वाचनालयात जाऊन गळालेल्या पानांची झेरॉक्स आणली, खणात ठेवली आणि वाट बघत बसल्या. बाई मध्येच कंटाळतील, हातपाय गाळतील, या विचारानं त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

बाई आल्या त्या एकट्या, तरातरा. कादंबरी काउंटरवर आपटली. "हिची शेवटची पानं कुठायत? ऐन मोक्यावर माणसाला लटकवून ठेवता? हे वाचनालय आहे की रद्दीचं दुकान?"

वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. ताई उभ्या राहून सगळं ऐकून घेत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावरचं हसू काही केल्या मावत नव्हतं.

"हसतेस काय?" बाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांचा आवाज उतरला. "शेवट छान आहे म्हणाले होते मी. तेव्हापासून माहीत होतं तुला?"

"हो, बाई."

"आणि कुणाला बोलली नाहीस."

ताईंनी खण उघडून पानं पुढे केली. "शेवटी ना, बाई, ती—"

"सांगू नकोस," बाई म्हणाल्या. भर वाचनालयात त्यांनी खुर्ची ओढली आणि ओळीखाली बोट ठेवलं. थोड्या वेळानं मान वर न करताच विचारलं, "तू ठेवतेस का गं अजून?"

"ठेवते, बाई. कुणी नसताना. लपून."

"लपून कशाला?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी बोट पुढच्या ओळीखाली नेलं.