चव बघणारी

मोना बारदेस्करच्या खानावळीत चिमणाबाईला कामं पुष्कळ होती, कांदा चिरण्यापासून मोठी पातेली घासण्यापर्यंत. पण ती कुणीही केली असती. तिचं खरं काम वर्षातून चाळीस दिवसांचं होतं, आणि ते म्हणजे रश्श्याची चव बघणं. राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळावर राख लावली, की मोनाआक्का मटणाला तोंड लावायची नाही ती थेट ईस्टरपर्यंत. आणि तांबडा-पांढरा रस्सा तर रोज तिच्याच हातून उतरायचा. बाई मूळची आजऱ्याकडची कॅथलिक. सत्तावीस वर्षांचा नेम होता. मीठ बघायला बोटाचं टोकसुद्धा जिभेला लावत नसे. हे काही सोपं नव्हे. एरवी नळी ताटलीवर आपटून खाल्ल्याशिवाय जिचा रविवार सुरू होत नाही, तिनं चाळीस दिवस त्या वासात उभं राहायचं आणि दुपारी मुगाची आमटी ओरपायची, याला छाती लागते. आपण खिचडी-रताळ्यांनी ताट भरून उपवास करणारी माणसं, आपण काय बोलणार!

म्हणून गेली अकरा वर्षं चिमणाबाई पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाखायची आणि म्हणायची, "मीठ बरोबर हाय, आक्का." त्यानंतरच पातेलं चुलीवरून खाली उतरायचं.

यंदा मात्र भानगड झाली. चिमणाबाईचा मुलगा पिराजी माघात मोटारसायकलवरून पडला आणि त्याच्या मांडीत सळई घालावी लागली. डॉक्टर म्हणाले चालेल, पण कधी ते सांगेनात. राखेच्या बुधवारी मोनाआक्का चर्चमधून आली, कपाळावरची राख तशीच ठेवून तिनं पदर खोचला आणि आज कोथिंबीर किती आणायची हे सांगावं तशा सुरात म्हणाली की यंदाचा आपला उपवास पिराजीच्या पायासाठी आहे. एवढं बोलून ती मसाला परतायला लागली.

त्या दुपारी चिमणाबाईनं पळी उचलली आणि तिचा हात तिथंच थांबला. ना नात्याची ना गोत्याची बाई माझ्या पोरासाठी तोंड बांधून बसते आणि मी आई असून रस्सा चाखत उभी राहते, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पाठ फिरवली, तळहात लुगड्याला पुसला आणि म्हणाली, "मीठ बरोबर हाय, आक्का."

त्या दिवसापासून तिनंही मटण सोडलं. कुणाला सांगितलं नाही. आक्काला सांगितलं असतं तर आक्कानं उपवासाचं कौतुक केलं असतं आणि चव बघायला दुसरी बाई शोधली असती. अकरा वर्षांचं ते काम सोडायची चिमणाबाईची तयारी नव्हती. लबाडी होती, पण लबाडीला आक्काचा हात सावरून घेत होता. आक्काची मूठ मोजून मापून पडायची. चिमणाबाई ती मूठ डोळ्यांनी बघायची, वाफ नाकानं हुंगायची आणि ठोकून द्यायची. गिऱ्हाईक बोटं चाटत उठायचं.

दर शुक्रवारी संध्याकाळी ती आक्काबरोबर चर्चमध्येही जायची. क्रुसाची वाट असायची. भिंतीवर येशूच्या दुःखाची चौदा चित्रं, आणि प्रत्येक चित्रापुढे गुडघे टेकायचे. आक्काचे गुडघे टेकायचे ते आपल्या मनानं, उठायला मात्र चिमणाबाईचा हात लागायचा. आक्कानं चौदा वेळा टेकायचं, चिमणाबाईनं चौदा वेळा उठवायचं. चिमणाबाईला त्यांची गाणी येत नव्हती. पण क्रुसाखाली येशू पडतो त्या चित्रांपुढे आक्काचा आवाज असा लागायचा, की पुढच्या बाकावरची माणसंही वळून बघायची. या बाईला आपण हाताला धरून उठवतो याचा चिमणाबाईला भारी अभिमान होता.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी घोटाळा झाला. आक्कानं चर्चमध्ये मिस्साला जाण्याआधीच रश्श्यात मीठ घातलं होतं. मिरवणूक लांबली. गडबडीत गेलेली बाई मीठ विसरली असणार असं समजून चिमणाबाईनं पुन्हा मीठ घातलं. आक्का झावळी हातात घेऊन धापा टाकत आली, तिनं विचारलं, आणि चिमणाबाई सवयीनं म्हणाली, बरोबर हाय.

त्या दिवशी खानावळीत पाण्याचे जग पुरेनात. नेमके उचगावचे हंबीरराव पानावर होते. त्यांच्या नातवाच्या जावळाचं जेवण बुधवारी होतं, तीनशे पानं, आणि ते आक्काकडे दिलेलं. हंबीररावांचा आवाज एरवी गल्लीच्या टोकापर्यंत जातो. त्या दिवशी ते हळू बोलले. बुधवारी असला रस्सा पाव्हण्यांच्या पानात पडला तर आपलं नाक जाईल आणि मोनाबाईंची खानावळ, एवढंच. आक्का चिमणाबाईवर रागावली नाही. तुझं ध्यान पिराजीकडं लागलेलं असतंय, म्हणाली, आणि कपाळाला हात लावून ताप आहे का बघितला. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी आक्का पापनिवेदनाला गेली. आल्यावर हसत सांगितलं की रविवारचा घोटाळा फादरांच्या कानावर घातला. ते म्हणाले, चवीपुरता थेंब म्हणजे काही जेवण नव्हे, तुम्हीच चव घेत जा. फादर वसईकडचे, नवे, वयानं आक्काच्या पोरासारखे. "पोरगं चांगलं हाय," आक्का म्हणाली, "पण अजून ल्हान हाय."

बुधवारी सकाळी दहाला टेम्पो दारात लागला. परसात तीन पातेली रटरटत होती. भाकऱ्या थापायला चन्नम्मा होती, पण ती पडली लिंगायत. मटणाच्या पळीला शिवायचीसुद्धा नाही. टेम्पोवाल्या सम्राटला विचारण्यात अर्थ नव्हता. त्यानं रविवारचा तो खारट रस्सा तीन वाट्या पिऊन एक नंबर म्हणून सांगितलं होतं.

आक्कानं पळी चिमणाबाईपुढं धरली. रविवारी एवढं होऊनही तिच्याच पुढं धरली, दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही. बरोबर हाय म्हणावं, तर आक्काचं नाव तीनशे तोंडांच्या हवाली. चाखावं, तर ईस्टर चार दिवसांवर असताना पिराजीसाठी धरलेला उपवास मोडणार. खोटं बोलायला मात्र तिची जीभ पुन्हा वळेना.

"आक्का, मी चव बघितल्याली न्हाय."

"मग बघ की."

"आजचं न्हवं. राखंच्या बुधवारपासनं. एकदाबी न्हाय."

चन्नम्माचे हात परातीत थांबले, तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"पिराजीसाठी?" आक्कानं विचारलं.

चिमणाबाईनं मान हलवली आणि तळहात पुढं केला. आता बघते म्हणाली, काय व्हायचं ते होऊ दे.

आक्कानं तिचा हात बाजूला सारला. डाव्या हातात पळी घेतली, उजव्यानं क्रुसाची खूण केली, थेंब तळहातावर पाडला आणि जिभेला लावला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. पांढऱ्यात मीठ बरोबर होतं. तांबड्याच्या दोन्ही पातेल्यांत कमी होतं, रविवारच्या धसक्यानं आक्काची मूठ आखडली होती. तिन्ही पातेली तिनं नीट चाखली, तोंडात घोळवत, घाई न करता.

"तांबड्यात दोन-दोन मुठी घाल," ती म्हणाली.

चिमणाबाईनं मीठ घातलं. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून ती म्हणाली, "थेंबानं मोडत न्हाय आक्का. फादरच म्हणालेत की."

"फादरांच्या लेखी न्हाय मोडत. माझा मोडला." आक्कानं पळी धुऊन खुंटीला लावली. "मोडू दे. तुझा उपास देवापर्यंत नीट पोचू दे. आईचा हाय त्यो."