निळ्या घोडीचे खटके

"कानानं गिअर टाक रं गड्या, हातानं न्हाई!"

सांगलीच्या गंगाधर मिस्त्रींचा हा आवाज माझ्या पोलादात अजून मुरलेला आहे. मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे. रंगाने निळी, अंगाने सडपातळ. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले. मिस्त्रींनी एकेक भाग जमवून मला जोडले आणि इस्लामपूरजवळच्या गावातून आलेल्या आकारामच्या हाती दिले, तेव्हा ते असे म्हणाले होते.

त्याला कारण होते. माझे गिअर बदलायच्या दोन छोट्या दांड्या हँडलवर नव्हत्या, खाली तिरप्या नळीवर होत्या. त्यांना ना खाच, ना आकडा. एक हात सोडून खाली वाकायचे, दांडी हळूच सरकवायची आणि ऐकायचे. चेन दोन चक्रांच्या मध्ये अडकली की खरखरते. नीट बसली की गप्प होते. ती गप्प झाली, की समजायचे गिअर पडला.

आकारामचा कान फार तिखट. मिस्त्री त्याला पाठमोरा उभा करायचे, माझे चाक फिरवायचे आणि विचारायचे, "कंचा गिअर?" तो मागे न वळता अचूक सांगायचा. जत्रेतल्या किती शर्यती आम्ही मारल्या! पुढे बनुबाई नवी नवरी होऊन घरात आली. पहिल्याच खंडेनवमीला तिने कोयते-विळ्यांबरोबर मलाही पुजले, दांड्यांना हळदकुंकू लावले आणि ओवी म्हटली,

निळ्या माझ्या घोडीला, वैरण कुठं लागती
धन्याचा गं दम खाऊन, वाऱ्यावाणी पळती.

मग आकाराम फौजेत गेला, तोफखान्यात. सुट्टीवर आला की आधी मला पुसायचा, मग हातपाय धुवायचा. पुढे हवालदार होऊन, पेन्शन घेऊन कायमचा घरी आला, तेव्हा मला वाटले, आता आपले दिवस आले.

पहिल्याच सकाळी आम्ही पाटाच्या चढाला लागलो. त्याने दांडी सरकवली. चेन मध्येच अडकली. मी खरखरले, किंचाळले. तो तसाच पायडल दाबत राहिला. चेन उडाली आणि आम्ही दोघे शेजारच्या उसात.

दुसऱ्या दिवशी त्याने मला छपरातल्या खुंटीला टांगले. "गुडघं गेलं माझं," एवढेच घरात सांगितले.

गुडघे ठणठणीत होते, मित्रांनो. पायडलवरचा जोर मला नाही कळणार तर कुणाला? पण सायकलला कोण विचारतो?

खुंटीवरून मी घर बघत राहिले. बनुबाई मागून हाक मारायची, तो वळायचा नाही. काहीही विचारा, "व्हय, व्हय" म्हणून उठून जायचा. "पेन्शन लागली आन् मान ताठ झाली ह्यांची," ती फणकारायची. गावातली माणसेही म्हणायची, "हवालदार आता वळख देत न्हाई." हळूहळू तो पारावर जायचा थांबला. बांधावर एकटाच बसू लागला. बनुबाई मात्र दर खंडेनवमीला छपरात यायची, टाचा उंचावून माझ्या दांड्यांना हळद लावायची आणि जायची. ओवी तिने कधीच सोडून दिली होती.

मला खाली काढले ते त्यांच्या लेकीने, शिवांजलीने. कॉलेजात जाणारी पोर. दिवाळीनंतर वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठायची शर्यत होती आणि तिने नाव दिले होते. तेल मिळाले, नवे टायर मिळाले, मी मोहरले! पण सरावात एका वळणावर ती दांडीसाठी खाली वाकली, तोल गेला, कोपर सोलवटून निघाले.

"आण्णा, ह्या दांड्या काढूया," ती घरी येऊन म्हणाली. "आता ब्रेकलाच गिअरचे खटके असतात. हात सोडायला लागत नाही."

"हात लावायचा न्हाई त्यास्नी. कानानं टाकायला शीक."

"मग चला की दाखवायला! बसा तुम्हीच."

आकाराम उठला आणि रानात निघून गेला.

बनुबाई त्याच्या मागोमाग गेली. पुढ्यात उभी राहून ओरडली, "आवं, घोडी तुमची, पर बसतीया पोरगी! हाडं मोडल्यावर काढायच्या व्हय दांड्या?"

दुसऱ्या दिवशी बापलेक मला टेम्पोत घालून सांगलीला निघाले.

"आली का माझी लेक माहेरला!" मिस्त्री मला बघून म्हणाले. आता त्यांची पाठ वाकली होती, पण हात तेच. स्क्रू फिरवता फिरवता त्यांच्या बोटांना पिवळे लागले. "आरं, किती वर्साची हळद ही! हितल्या पेठेत एवढी नसंल."

शिवांजली खळखळून हसली. आकाराम दाराशी पाठमोरा उभा होता, रस्त्याकडे बघत. मिस्त्रींना जुना खेळ आठवला. त्यांनी माझे चाक फिरवले, दांडी सरकवली. "आकाराम, कंचा गिअर?"

मी जीव तोडून खरखरले. त्याच्यासाठी.

तो रस्त्याकडेच बघत राहिला.

मिस्त्रींनी तळव्याने चाक थांबवले. त्या पाठीकडे पाहिले. मग एवढेच म्हणाले, "पोरी, नवं खटकंच बसवू."

जुन्या वायरी तुटल्या, दांड्या निघाल्या. दुधाचे दात पडल्यासारखे नळीला उघडे उघडे वाटले. मग हँडलवर नवे खटके बसले, नव्या वायरी आल्या, त्यांच्या जोडीला नवे फ्रीव्हील आणि नवी चेन. मिस्त्रींनी आकारामचा हात धरून आणला, त्याचे बोट खटक्यावर ठेवले आणि पायडल फिरवले. "दाब."

टक्. चेन पुढच्या चक्रावर.

"पुन्यांदा."

टक्. आवाज झाला, पण तो कानात गेला नाही. ठोका होऊन बोटातून वर चढला. मिस्त्री त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन हळू म्हणाले, "बोटाला कळतंय नव्हं?"

आकारामने मान हलवली. डोळे मात्र माझ्यावरच होते.

खंडेनवमीला बनुबाईने जुन्या दांड्या पाटावर मांडल्या आणि शेजारी मला उभे केले. "नव्या खटक्यांना एकच बोट हळद लाव गं आई, आत गेली तर खटके अडकतील," शिवांजली ओरडत होती. त्या दिवशी मला विश्रांती. दसऱ्याच्या सकाळी, कुणाला काही न सांगता, आकारामने मला बाहेर काढले.

तोच पाटाचा चढ. टक्. टक्. दोन्ही हात हँडलवर, आणि चेन एकदाही कुरकुरली नाही. आम्ही गावाची शीव ओलांडली, मित्रांनो! कितीतरी दसऱ्यांनी आमचे खरे सीमोल्लंघन झाले.

लोक म्हणतात, जुनी वस्तू मोडीत काढा. तसे नका करू. तिला तेल द्या, गंज पुसा, झिजलेला भाग बदला. ती तुमचीच राहते. आणि घरातले कुणी गप्प गप्प झाले, तर लगेच गर्विष्ठ ठरवू नका. जवळ जाऊन बघा, कुठे अडकले आहे ते.

आम्ही परतलो तेव्हा आकारामच्या खिशात आपट्याची पाने होती. बनुबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"गुडघं बरं झालं वाटतं हवालदारांचं!" ती मोठ्याने म्हणाली.

आकाराम खाली उतरला. एरवी तो "व्हय, व्हय" म्हणून आत गेला असता. आज त्याने एक हात माझ्या खटक्यावर ठेवला, दुसऱ्याने सोन्याचे पान तिच्या हातावर दिले, आणि म्हणाला,

"गुडघं कवाच गेलं न्हवतं. कान गेलं गं माझं, तोफंनं नेलं. तू मागनं हाक मारत हुतीस, ती मला आलीच न्हाई."