जवळ गेलं की विझणारा किल्ला

माझ्या दिवाळीच्या किल्ल्यावरचा लेसर इतका सुरक्षित होता, की तो आजवर एकाही माणसाला जवळून पाहता आलेला नाही.

याला कारण बाबा. मागच्या दिवाळीत मी तोफेतून खरा धूर काढला होता आणि धुरासोबत बैठकीचा पडदाही गेला होता. त्यामुळे यंदा लेसर म्हणताच बाबा, बँकेत कर्ज नाकारताना काढतात त्या आवाजात म्हणाले, "कोणाच्या डोळ्यात गेला तर?"

मी सगळ्यात कमी ताकदीचे लाल लेसर आणले. या बुरुजावरून त्या बुरुजावर सोडले, पलीकडे काळा पुठ्ठा लावला. बाबा हलेनात. शेवटी सेन्सर बसवला. माणूस पाच फुटांच्या आत आला की सगळं बंद. बाबांनी स्वतः पुढे-मागे चालून तपासलं आणि समाधानाने म्हणाले, "आता काहीच दिसत नाही. छान."

पाडव्याच्या संध्याकाळी लखनौच्या मराठी मंडळाच्या मालिनीताई किल्ले स्पर्धेसाठी माझा किल्ला बघायला येणार होत्या. त्यांना लेसर आवडला तर मंडळाच्या संमेलनात रंगमंचाची प्रकाशयोजना माझ्याकडे. नाही आवडला तर सोमवारपासून जयसिंगकाकांच्या चिनहटच्या प्लायवूड कारखान्यात. तिथे मी काय करणार, हे काकांनाही माहीत नव्हतं. पण बाबांनी शब्द टाकून ठेवला होता.

लेसरची रेघ दिसायला हवेत धूर लागतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी लखनौत फटाक्यांमुळे तो वेगळा करावा लागत नाही. सगळं जमून आलं होतं. फक्त त्याच दिवशी इकडे गोवर्धन पूजा असते, अंगणात डोंगर करून त्याला प्रदक्षिणा घालतात, हे मी इथल्या वृंदावन योजना वसाहतीत लहानाचा मोठा होऊनही विसरलो.

समोरच्या सरोज आंटी ताट घेऊन आल्या. "अरे वाह धैर्यशील! इस बार गोवर्धन तुमने बनाया? घास भी उगाई है!"

घास म्हणजे मी पेरलेले हळीव. "आंटी, ये किला है."

"हाँ हाँ, पहाड़ तो है ना," म्हणत त्यांनी दरवाजावरच्या मावळ्याला हळदीकुंकू लावलं, तळ्यात बत्तासे सोडले आणि सगळ्या गल्लीला हाक मारली. परिक्रमा सुरू झाली. माणसांचं कडं तुटेना, लेसर लागेना.

तेवढ्यात मालिनीताई आल्या. "कुठाय रे लेसर?"

"ताई, ही मंडळी जरा लांब गेली की दिसेल."

"मग सांग ना त्यांना!"

मी सांगितलं. "परिक्रमा बीच में नहीं तोड़ते, बेटा," आंटी चालता चालता म्हणाल्या आणि मलाही रांगेत ओढलं. मी माझ्याच किल्ल्याला चार प्रदक्षिणा घातल्या.

अखेर सगळे प्रसादाकडे वळले. अंगण मोकळं झालं आणि धुरकटलेल्या हवेत बुरुजाबुरुजांमधून लाल रेघा उमटल्या. मला स्वतःलाच भरून आलं.

"ताई, बघा!"

ताई कौतुकाने पुढे आल्या. किल्ला विझला.

"गेला रे."

"ताई, मागे या."

त्या मागे गेल्या. रेघा उमटल्या. "आला?" त्यांनी विचारलं.

"आला की! दिसत नाहीये?"

"लांबचं नाही दिसत मला. चष्मा ऑटोत राहिला." त्या पुन्हा पुढे आल्या. किल्ला पुन्हा विझला. "अरे, मग तो सेन्सर काढ की दोन मिनिटं!"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी नव्या पडद्याकडे पाहिलं.

प्रकाशयोजना स्पर्धेतल्याच समीरकडे गेली. त्याने किल्ल्याला बाजारातली झालर गुंडाळली होती. मला 'उत्कृष्ट माती' असं बक्षीस मिळालं.

प्रसाद खायला आलेले जयसिंगकाका मात्र किल्ल्यापासून हलेनात. एक पाऊल पुढे, बंद. एक पाऊल मागे, चालू. असं बराच वेळ करून त्यांनी बोटं चाटली. "धैर्यशील, हे आमच्या कापायच्या मशीनला लागेल का? माणूस जवळ आला की पातं बंद?"

"लागेल, काका."

"मग सोमवारी हेच घेऊन ये."

सोमवारी मी सेन्सर बसवला. कामगार मशीन चालू करायला जवळ गेला. मशीन चालू झालं नाही. तो लांब गेला. मशीन तयार, पण आता बटणापाशी कोणी नाही. मी, काका आणि दोन कामगार असे चौघे पाच फुटांवर उभे राहून मशीनकडे बघत राहिलो.

दुपारी बाबांचा फोन आला. "काय, कसं चाललंय काम?"

"एकदम सुरक्षित," मी म्हणालो.