कुसुमताईंच्या ओट्यावरचं ताट

पौषातलं ऊन चिकूच्या गर्द पानांतून झिरपून ओट्यावर उतरायचं, तेव्हा कुसुमताई उन्हाकडे पाठ करून केस वाळवत बसलेल्या असायच्या. शिकेकाईचा ओलसर वास, दूरवरची समुद्राची संथ गाज आणि मधूनच त्यांचं ते खणखणीत हसू. डहाणूचा हिवाळा म्हटलं की एवढंच आठवावं असं मला वाटतं. बाकीचं आठवू नये म्हणून मी बरेच प्रयत्न केले आहेत.

आम्ही नऊ निवृत्त माणसं. दिवाळी आटोपली की मुंबईहून यायचं, मसोलीच्या पुढच्या एका चिकूवाडीतल्या बैठ्या खोल्या भाड्याने घ्यायच्या आणि होळी झाली की परतायचं, असा आमचा शिरस्ता. मी शाळेत मराठी शिकवलेली; कुसुमताई रुग्णालयात पस्तीस वर्षं परिचारिका. संसार त्यांनी केला नव्हता आणि त्याची खंत करायला त्यांना सवडही नव्हती. त्यांच्या बोटांत विलक्षण शांतता होती. नाडी बघावी तसा एकेक चिकू हातात घेऊन त्या हलकेच दाबायच्या आणि "हा उद्या" एवढंच म्हणून टोपलीत ठेवायच्या. माझे यजमान गेल्यानंतरचा पहिला हिवाळा त्यांनीच निभावून नेला: सांत्वनाचा एक शब्द न उच्चारता, रोज सकाळी माझ्या दाराशी चहाचा पेला घेऊन उभं राहून.

हंगामाचा शेवट आम्ही उकडहंडीने करायचो. मातीच्या हंडीत पापडी, कंद, रताळी, ओली लसूण भरायची, केळीच्या पानांनी तोंड बंद करून मंद आचेवर शिजवायची आणि एकाच मोठ्या पानाभोवती बसून सगळ्यांनी खायची. वाटा कोणाचाही राहू द्यायचा नाही, हा नियम. करोनाचं नाव वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरून पहिल्या पानावर आलं त्या फाल्गुनात कुसुमताई म्हणाल्या, यंदा नको.

"आपण सगळे सत्तरीच्या घरातले. वझ्यांचा मुलगा नुकताच परदेशातून आलाय, सगळ्यांत मिसळलाय. एक वर्ष नाही खाल्लं तर काय बिघडतं?"

"सिस्टरबाई, ड्युटी संपली तुमची," वझे म्हणाले आणि सगळे हसले. वझे आमचे म्होरके. त्यांच्या विनोदाला हसायची आम्हाला सवयच होती. मग हात वर करून निकाल घेतला. हंडीच्या बाजूने माझा हात सर्वांत आधी वर गेला. आपल्या वयाला पुढचा हिवाळा गृहीत धरता येत नाही, हे माझं समर्थन होतं. कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, नुसतंच पाहिलं, आणि त्या उठून गेल्या.

होळीच्या संध्याकाळी त्यांनी दार लावून घेतलं. रानशेतहून स्वयंपाकाला येणाऱ्या लाडकीला त्यांनी बजावून ठेवलं होतं: माझा वाटा ओट्यावर ठेव आणि लांबूनच हाक मार. लाडकीने तसं केलं. आमच्या गप्पा रंगल्या होत्या, आणि तिकडे मावळतीच्या तांबूस उजेडात ते झाकलेलं ताट एकटंच पडलं होतं. मला ते बघवेना. उंबऱ्याबाहेर अन्न ठेवणं म्हणजे माणूस तोडणं, ही समजूत माझ्या हाडीमाशी मुरलेली. मी उठून ताट उचललं; गप्पांच्या नादात ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"बाय, नका जाऊ आत. त्या नको बोलल्यात," लाडकी म्हणाली.

"तू गप्प बस गं," मी म्हणाले.

दोन दिवस माझा घसा खवखवत होता. त्याआधी वझ्यांच्या मुलाबरोबर मी दुपारभर पत्ते कुटले होते. दाढेत लवंग धरून हिंडत होते आणि कुणाला काही बोलले नव्हते. बोलले असते तर हंडीच्या पंगतीतून उठावं लागलं असतं. दाराशी जाऊन मी हाक मारली, "कुसुमताई, माझ्यावरसुद्धा रुसलात?" मग कडी निघाली. ती का निघाली याचा मला आजही संताप येतो. पस्तीस वर्षं जिने माणसांना पथ्य पाळायला लावलं, तिने माझ्यासाठी ते मोडायला नको होतं. मी खाटेवर त्यांना खेटून बसले, पहिला घास माझ्या हाताने भरवला. "फार हट्टी आहात तुम्ही," त्या म्हणाल्या आणि हसल्या. तासभर आम्ही बोललो. हंगामातली ती सर्वांत सुंदर संध्याकाळ होती, आणि हे लिहिताना मला माझी किळस येते.

मुंबईला परतल्यावर मला चार दिवस ताप आला. ऋतुबदल म्हणून मी तो अंगावर काढला. कुसुमताईंना आठवड्याने आला. तोवर सगळं बंद होत चाललं होतं. रुग्णालयात त्यांच्याजवळ कोणाला जाऊ दिलं नाही. त्या गेल्याचं त्यांच्या भाचीने फोनवर सांगितलं.

आमच्यातल्या सगळ्यांनी वझ्यांना धारेवर धरलं, नंतर बोलणंच टाकलं. एके दुपारी त्यांचा मला फोन आला. तो हसरा माणूस लहान मुलासारखा रडत होता. "अहो, कुसुमताई हंडीला आल्याच नव्हत्या. कोणाला भेटल्यासुद्धा नाहीत. मग माझ्यामुळे कशा?"

"हवेतूनही येतं म्हणतात," मी म्हणाले.

लाडकीला ठाऊक आहे, पण रानशेतच्या लाडकीला कोण विचारायला जाणार? मी पुन्हा डहाणूला गेलेली नाही. काळाबरोबर दुःखावर साय धरत जाते, तशी ती माझ्या गुन्ह्यावरही धरली. आणि दरवर्षी थंडी पडू लागली की कुसुमताईंच्या आठवणीने डोळे भरून येतात, तेव्हा त्या पाण्यात त्यांच्या नसण्याचं दुःख किती आणि त्या आता काही सांगू शकणार नाहीत याचा दिलासा किती, हे वेगळं करून बघायची हिंमत मला अजून झालेली नाही.